वकीलपत्र

शाळेतल्या भाषणासाठी चारुता जॉन अ‍ॅडम्सचं चरित्र पाठ करत होती. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या या वकिलाने, बॉस्टनमध्ये लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज शिपायांचं वकीलपत्र घेतलं होतं. सगळं शहर त्या शिपायांवर उठलं होतं.

"बाबा, लोग उससे नाराज़ नहीं हुए?" तिने शाळेतल्या हिंदीत विचारलं.

"झाले असतील," उदय म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सौदीतल्या यान्बूच्या कारखान्यात चौकशी होती. क्रेनचा वायर रोप तुटून बाळाराम हा रत्नागिरीचा फिटर जागीच गेला होता. कामगारांच्या कॅम्पमधली माणसं क्रेन चालवणाऱ्या इक्बालवर खवळली होती. मॅनेजरनेही सगळा दोष त्याच्यावरच टाकला. इक्बाल मान खाली घालून बसला होता. त्याच्या बाजूने कुणी बोलेना, तेव्हा सेफ्टी इंजिनिअर उदय उभा राहिला.

"रोप झिजलाय, बदला, असं इक्बालने तीनदा लिहून दिलं होतं. ते अर्ज मी आणलेत."

"तुम्ही त्याचे वकील आहात का?" मॅनेजर म्हणाला. "खाली बसा. इथे राहायचा इकामा रद्द झाला तर मुलीची शाळाही सुटेल."

"सुटू दे."

उदयने तिन्ही अर्ज चौकशी अधिकाऱ्यासमोर ठेवले.

"प्रत्येकावर 'काम चालू ठेवा' असा शेरा आहे. तो या मॅनेजरांनी सांगितला आणि मी लिहिला. आमची दोघांची नावं लिहून घ्या."