रोझाबाईंचा स्वयंपाकाचा क्लास

"आई, पिठात पाणी बास म्हणतायत रोझाबाई," अमोल म्हणाला, तशी लंकाबाईनं तांब्या मुकाट्यानं खाली ठेवला.

सायखेड्याहून एसटीनं नाशिक, तिथून अमोलच्या मोटारसायकलवर गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यातला बंगला. एवढी दगदग करून ती इटालियन स्वयंपाक शिकायला आली होती. हसू नका. बाईच्या जिवाला घोर होता.

अमोल या मळ्यात कामाला. दोन वर्षं इटलीत राहून वाइनचं शिकून आला, तेव्हापासून पोराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सात स्थळं आली, सातही त्यानं मोडली. वर तिकडून नोकरीचं पत्र येऊन पडलेलं. हा गेला की परत यायचा नाही, या धास्तीनं लंकाबाईची झोप उडाली होती. मग त्यानंच सांगितलं, इटलीच्या रोझाबाई पंधरा दिवस फिरायला आल्यात, घरगुती जेवण शिकवतात. लंकाबाईनं मनाशी पक्कं केलं, ती चवच घरात आणायची. मग कशाला जातोय पोरगा!

"बाकीच्या बाया कुठं हायेत रे?"

"आज तुझाच नंबर."

रोझाबाई सत्तरीच्या, ठेंगण्याठुसक्या. त्यांची लेक सोफिया गेलं वर्षभर याच मळ्यात नोकरीला होती. ती शेजारी बसून पिठाशी झटापट करत होती.

रोझाबाईंनी रव्याच्या पिठाची लांब वळी केली, चिमूटभर तुकडा तोडला आणि अंगठ्याच्या नखानं पाटावर दाबून ओढला. इवलीशी वाटी तयार!

"अगं बाई! हे तर नखुले!"

लग्नाच्या रुखवतात मांडतात ना, खिरीत घालतात, तेच. लंकाबाईच्या आईनं तिला असेच वळायला शिकवले होते, याच अंगठ्यानं. कुठं इटली आणि कुठं सायखेडा! तिनं भराभरा दहा-वीस नखुले वळून पुढे केले, तर रोझाबाईंनी तोंडावर हातच ठेवला. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगठ्यांकडे बघून पोरींसारख्या हसत सुटल्या.

वळता वळता रोझाबाई विचारत होत्या, अमोल मराठीत सांगत होता.

"तुमच्या घरात आधी कोण जेवतं?"

"ज्याला भूक लागंल तो."

"सकाळी किती वाजता उठावं लागतं?"

"मी उठते चारला. बाकीच्यांनी झोपावं खुशाल."

"कुणाचं चुकलं तर ओरडता का?"

"ओरडते की! पण आधी जेवू घालते."

तेवढ्यात सोफियाचं पीठ पार पातळ होऊन पाटावरून ओघळलं. पोरगी रडकुंडीला आली. लंकाबाईनं तिचा हात धरला, मूठभर कोरडं पीठ भुरभुरलं. "रडती काय येडे? माझं पैल्यांदा असंच झालतं. चल, पुन्हा मळू."

रोझाबाई हातातलं काम थांबवून बघत होत्या. जेवणं झाली. टोमॅटो-लसणाच्या रश्श्यातले ते नखुले अमोलनं तीनदा वाढून घेतले. मग रोझाबाईंनी लंकाबाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि भडाभडा बरंच काही बोलल्या. सोफिया उठून आत पळाली. अमोल रिकामी ताटं उचलू लागला.

लंकाबाईनं त्याची बाही ओढली. "काय म्हनत्यात रे? नापास झाले का मी?"

"नाही." अमोलनं ताटं खाली ठेवली. "म्हणतायत, लेकीला सायखेड्यात नांदायला पाठवायला हरकत नाही. सासू पसंत आहे."