बावीस हजार पेशी

नायफने मेहुण्याच्या कानाखाली वाजवली ती भर बाजारात, खाटकाच्या दुकानासमोर. झुहैरने उलटा हात उचलला नाही. गाल चोळत एवढंच म्हणाला, "तुझ्या बहिणीलाच विचार. मी तिला बोटही लावलेलं नाही."

त्याच दुपारी नायफ नवालला आपल्या घरी घेऊन आला. तिच्या दंडांवर, मनगटांवर काळेनिळे डाग होते. चेहरा पिठासारखा पांढरा. दोन जिने चढेपर्यंत ती चारदा बसली.

"कोणी मारलं?"

"आपोआप येतात, दादा."

"आपोआप घामोळं येतं!"

"आधी तिला दवाखान्यात ने," नायफची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "भांडण कुठे पळून जात नाही."

डॉक्टर रुबांनी रक्त घेतलं, जठराच्या तपासणीसाठी एका पिशवीत फुंकर मारायला लावली आणि दोन दिवसांनी बहीणभावांना समोर बसवलं.

"हिमोग्लोबिन साडेसात. प्लेटलेट बावीस हजार, हव्यात दीड लाखाच्या वर. रक्त थांबवणाऱ्या या पेशीच नसल्या, की माणूस नुसता दाराला टेकला तरी निळं पडतं."

"म्हणजे मारलेलं नाही?"

"मारायची गरजच नाही. जठरात जंतू आहे. खाल्लेलं लोह तो अंगी लागू देत नाही, म्हणून ही अशी पांढरी. आणि बहुतेक त्याच्याशी लढता लढता शरीर आपल्याच पेशी मारत सुटलंय. चौदा दिवस गोळ्या घ्या, बरोबर लोह."

गाडीत बसल्यावर नायफने बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

"आधी बोलली का नाहीस?"

"बोलले की. आपोआप येतात म्हटलं," नवाल खिडकीबाहेर बघत म्हणाली.

गोळ्यांनी तिचं तोंड कडू झालं, पण तिने एकही चुकवली नाही. वहिनी रोज मसूर नाहीतर कलेजी पुढ्यात ठेवून ताट रिकामं होईपर्यंत उठायची नाही. डाग आधी पिवळे झाले, मग गेले. सहाव्या आठवड्यात नवाल धुण्याची बादली घेऊन एका दमात गच्चीवर चढली.

त्या शुक्रवारी नायफ काकांना आणि चार वडीलधाऱ्यांना घेऊन झुहैरच्या दारात गेला. कॉफी आली. नायफने पेला तसाच खाली ठेवला.

"माझं चुकलं. तू माफ केल्याशिवाय मी पिणार नाही."

झुहैरने त्याला मुलाच्या नावाने, मानाने हाक मारली. "पी, अबू सुलतान. झालं गेलं विसरलो. फक्त पुढच्या वेळी कुठे डाग दिसला, तर आधी रक्त तपास आणि मग हात उचल."

सगळे हसले. नायफही हसला आणि उठून त्याने मेहुण्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

घरी नवालची पिशवी अजून भरायची होती.

"महिनाभर राहू का, दादा? पुरतं बरं होऊ दे."

"बरी तर झालीस! माझ्यापायी त्या बिचाऱ्याची गावभर शोभा झाली. आता आणखी नको."

नवालने कपडे घड्या घालून भरले आणि ती सासरी गेली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. झुहैरला वेळ नव्हता, म्हणून नायफच तिला घेऊन गेला. डॉक्टर रुबांनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हिमोग्लोबिन बारा. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. जंतूचा मागमूस नाही. आता आपोआप एकही डाग पडायचा नाही, हवं तर लिहून देते."

नायफचा जीव भांड्यात पडला. येताना कुनाफा मिठाईचं अख्खं ताट घ्यायचं, अर्धं झुहैरकडे पाठवायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

"रक्तदाब बघू," डॉक्टर म्हणाल्या.

नवालने हात पोटाशी घेतला. "आज राहू द्या."

"राहू द्या काय! दे इकडे," म्हणत नायफने हसत हसत स्वतःच तिची बाही वर सारली.

दंडावर चार बोटं निळी उमटली होती, आतल्या बाजूला अंगठा.