भिंतीकडे तोंड

दादाच्या बँडची बेस गिटार नुसती भुणभुणायची. खापर फुटलं तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पिकअपवर. तो बदलायला दादा ती गिटार वाजवणाऱ्या मित्राला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात आला. वर्षभर "मला घे ना रे बँडमध्ये" म्हणून भुंगा लावणारी धाकटी बहीणही मागोमाग आलीच.

"मी बघणार नाही, फक्त ऐकणार," म्हणत दादा भिंतीकडे तोंड करून बसला.

पहिला नवा पिकअप लावला, मित्राने वाजवलं. "डब्यात वाटाणे!" दादा म्हणाला.

दुसरा लावला. "शी! याचा तर घसाच बसलाय."

तिसऱ्यांदा मात्र गिटार अशी घुमली की टेबलावरचे स्क्रू थरथरले. दादाने मांडीवर थाप मारली. "हाच! डोळे मिटून हाच घ्यायचा!"

"हा तुमचा जुनाच आहे," कारागीर म्हणाला. "तुलनेसाठी परत लावला."

दादा गर्रकन वळला. गिटार बहिणीच्या गळ्यात होती. मित्र मघाशीच फोन आला म्हणून बाहेर गेला होता.

आता दादा काय म्हणतो, म्हणून तिने कानांत प्राण आणले.

दादाने तिच्या गळ्यातला पट्टा अलगद काढला आणि दाराकडे बघून हाक मारली, "ये रे आत! गिटार ठणठणीत आहे तुझी!"