बुधवारचा अर्धा तास

हेल्मी गेल्याचा फोन आला तेव्हा आर्वो कॉफी ओतत होता. त्याने आधी कप भरला आणि मग फोन उचलला.

पलीकडे नर्स शांताल होती. "आर्वो, पहाटे गेली ती. झोपेतच. नेनिता जवळ होती. सावकाश या, रस्त्यावर बर्फ आहे."

आर्वोने एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत काढली होती. त्याची बायको हेल्मी चार वर्षांपासून कॅनडातल्या सडबरीच्या त्या शुश्रूषागृहात होती. तिला आधी घर ओळखू येईना, मग आर्वोही.

तिथे कुणी वारलं तर त्याला मागच्या दाराने नेत नाहीत. अंगावर गोधडी घालतात, आणि जो तो हातातलं काम टाकून दोन्ही बाजूंनी उभा राहतो. हेल्मीलाही तसंच पुढच्या दाराने नेलं. स्वयंपाकघरातल्या बायका एप्रनसकट आल्या. नेनिता स्ट्रेचरला हात लावून दारापर्यंत चालत गेली. तिची रात्रपाळी संपून दोन तास झाले होते, तरी ती घरी गेली नव्हती. चार वर्षं हेल्मीला न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी ती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

आर्वो हेल्मीचे कपडे आवरायला वर आला. खोली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी करून हवी होती. शेजारच्या चादरींच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत कुणीतरी हुंदके देत होतं.

"नेनिता आहे," शांताल म्हणाली. "राहू द्या. दहा मिनिटांत बाहेर येईल आणि मलाच ओरडेल, मोजे कुठे ठेवलेस म्हणून."

"तिला बोलायला कुणी नाही का?"

"होती की. समुपदेशक बाई. दर बुधवारी अडीचला यायची. आम्ही पाचजणी अर्धा तास दार लावून बसायचो. या महिन्यात कोण गेलं, कोण आपल्याला चावलं, घरी गेल्यावर कुणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, सगळं बोलायचो. रडायचो, चहा प्यायचो, हसायचोसुद्धा. नोव्हेंबरात बंद झालं. कुणाच्या तरी घरच्यांनी तक्रार केली. वरच्यांना काय, निमित्तच हवं होतं. बाई आता दुसऱ्या गावी जाते."

आर्वोच्या हातातला स्वेटर हातातच राहिला.

तो बुधवार त्याला लख्ख आठवला. हेल्मीला संडासला जायचं होतं. घंटी दाबून अकरा मिनिटं झाली, त्याने घड्याळ धरलं होतं. मधेच तो बाहेर जाऊन पाहून आला. बंद दाराच्या काचेतून पाठमोऱ्या बायका दिसल्या, चहाचे कप दिसले, हसणं ऐकू आलं. परत येईतो व्हायचं ते झालं होतं आणि हेल्मी लहान मुलीसारखी रडत होती. तेवढ्यात नेनिता धावत आली. तिने हेल्मीला पुसलं, कोरडे कपडे घातले, तिच्या गालाला गाल लावला. आर्वोचा राग उतरला नाही.

"मला तक्रार द्यायचीय," तो तिलाच म्हणाला.

तिथला नियम असा, की तक्रार जो ऐकेल त्यानेच ती लिहून घ्यायची, आणि बोलणाऱ्याच्याच शब्दांत. नेनिताने फॉर्म आणला.

"लिही. इथे माणसं मुतात भिजतात आणि या बायका दार लावून चहा ढोसतात."

"'ढोसतात' असंच लिहू, पापा?" सगळ्याच म्हाताऱ्यांना ती पापा म्हणायची.

"तसंच. आणि खाली लिही, यांना कामाची लाज नाही."

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. त्याने सही केली आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "तुझ्याबद्दल नाही हं हे. तू गुणाची आहेस."

आता चादरींच्या खोलीचं दार उघडलं. नेनिता तोंड धुऊन आली होती. "पापा, काही खाल्लंत का? नसणारच. थांबा, टोस्ट आणते. उपाशीपोटी कपडे आवरायला निघालात!"

"नेनिता, मी तक्रार केली त्या बुधवारी तूही बाईंजवळ त्या बंद दाराआड होतीस."

ती थांबली.

"सांगायचंस की मला. मी फॉर्म फाडला असता."

"फाडला असता?" तिला हसू आलं. "केवढे चिडला होतात तुम्ही. आणि तक्रार लिहिताना आम्ही मधे बोलायचं नसतं."

"मग शब्द तरी मऊ करायचेस."

"तेही चालत नाही, पापा." ती उगीचच चादरींची चवड सरळ करू लागली. "मी दोन वर्षं तिथे नुसती ऐकत बसायचे. सगळ्या चिडवायच्या, ही फुकटचा चहा पिते म्हणून. त्या दिवशी बाई म्हणाल्या, नेनिता, आज तू बोल. बाहेर कामावर जी मुलगी होती ती पडलेल्या एका आजोबांना उचलत होती. तुमची घंटी काही थांबेना. माझं पहिलं वाक्यही पुरं झालं नव्हतं. उठले."

आर्वो कपड्यांच्या टोपलीवर बसला. त्याला मान वर करवेना.

"आता बोल. मी ऐकतो. दिवसभर बसतो इथे."

तिने मान हलवली. "घरच्या माणसांपुढे बोलायची आम्हाला परवानगी नाही."

"हेल्मी गेली. मी आता इथे कुणाच्या घरचा?"

नेनिताने त्याच्या हातातला स्वेटर घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि ती टोस्ट आणायला गेली.

दुसऱ्याच दिवशी आर्वोने ऑफिसात जाऊन तक्रार मागे घेतली. मॅनेजरने त्याचे आभार मानले आणि कागद फाइलला लावला. आता मार्च सरत आला. समुपदेशक बाई आलेली नाही. त्या बुधवारी नेनिता काय सांगणार होती, ते अजून कुणीच ऐकलेलं नाही.