शेवटचं बटण

बचत गटाच्या बायकांसाठी केलेले ऑनलाइन धडे त्यांच्याकडूनच तपासून घ्यायला क्षितिजा पुण्याहून कोळवणला आली होती. दुपारपर्यंत ती मेटाकुटीला आली. धडा संपला तरी गटातल्या तुळजाबाई शेवटचं बटण मात्र दाबेनात. "मावशी, ते 'बाहेर जा' दाबा ना!" "न्हाई पोरी. निघताना आमी 'जाते' म्हनत न्हाई. 'येते' लिव, मंग दाबते." दिवसभरात पहिल्यांदा क्षितिजाला हसू आलं. तिने तिथूनच ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. "अगं, धडे कालच साइटवर चढवले. आता बदल होणार नाही. बायकांचे फोटो तेवढे आण, अहवालात लागतील." तिने फोटो काढले. पदर सावरून उभ्या राहिलेल्या तुळजाबाईंनी विचारलं, "बदलशील न्हवं तेवढं?" क्षितिजाने लॅपटॉप पिशवीत कोंबला. एसटीची वेळ झाली होती. "जाते मी," ती म्हणाली. "आगं, येते म्हन!" क्षितिजाला काही ते म्हणवेना.