शेवग्याचा रस आणि राशिभविष्य

शेवग्याच्या पाल्याचा रस नाक दाबून घशाखाली घातला, की इंदुमतीची रोजची परीक्षा सुरू व्हायची. नवरा समोर पेपर उघडून धरायचा आणि तिने आपल्या राशीचं भविष्य वाचून दाखवायचं. केमोने तिची नजर धुरकट झाली होती. डॉक्टरांनी थेंब दिले होतेच. पण नवरा पडला वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पाल्यातली द्रव्यं केमोपासून डोळे वाचवतात, असं त्याने कुठल्याशा शोधनिबंधात वाचलं होतं.

"कुणाचे डोळे?" तिने विचारलं होतं.

"उंदरांचे."

"मग त्यांनाच पाजा."

पेपराच्या जागी तिला नुसतं करडं धुकं दिसायचं. पण म्हाताऱ्याचं तोंड उतरू नये म्हणून ती बिनदिक्कत ठोकून द्यायची. "कन्या. जोडीदाराच्या हिरव्या प्रयोगांपासून जपा. संध्याकाळी भजी लाभतील." तो "बरोबर" म्हणायचा आणि संध्याकाळी खरोखर भजी तळायचा.

आज तिने तोंड उघडलं आणि ती थबकली. समोर भविष्य नव्हतंच. पानभर हार घातलेले फोटो होते.

"अहो, हे तर निधनाचं पान. जांभळे टेलर गेले?"

"गेले," नवरा आनंदाने म्हणाला. "स्पष्ट दिसताहेत ना?"

"म्हणजे माझ्या थापा तुम्हाला कळत होत्या?"

"पहिल्या दिवसापासून. तेव्हापासून हेच पान धरतोय, दिसायला लागलं की बोलशील म्हणून."

"मग बरोबर कशाला म्हणायचात?"

"पेपरातलं खरं भविष्य ऐकत बसलो असतो, तर रोज भजी कुठून मिळाली असती?"