निळ्या शिक्क्याचा कागद

कागदावरचं नाव कात्रीने कापून काढलेलं होतं. नावाच्या जागी बोटभर लांबीची खिडकी उरली होती आणि तिच्यातून सेरवाला स्वतःचाच अंगठा दिसत होता. तिने कागद उलटा केला, सुलटा केला. खाली दवाखान्याचा निळा शिक्का मात्र शाबूत होता, आणि कामाला तेवढाच लागायचा.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या त्या शिवणाच्या दुकानात आता तिचाच नंबर होता. पलीकडे आरशासमोर पोकुआ आंटी तिवाच्या अंगावर तिचा नवा ब्लाउज टाचण्या लावून बसवत होत्या. ईस्टरला चर्चच्या सगळ्या बायका एकाच छापाच्या कापडात उभ्या राहायच्या. कापड घानातल्या अक्राहून आलेलं, शिवणाऱ्या एकट्या आंटीच, आणि त्यांनी यंदा हट्ट धरलेला. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केल्याचा कागद आणा, मगच कापडाला कात्री लावीन. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. डिसेंबरात आंटींनी चर्चमधल्याच न्यार्कोचा शेवटचा पांढरा पोशाख शिवला होता. न्यार्को अठ्ठेचाळीसची होती, त्याच जागेच्या कर्करोगाने गेली, आणि जन्मात एकदाही तिने तपासून घेतलं नव्हतं.

बायकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन नाकं मुरडली. एक नवरा, नेमाने चर्च, मला कसली आली तपासणी? शिवाय त्या दवाखान्याच्या दारात कुणी दिसलं, की रविवारपर्यंत तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी. मग कुठूनसा हा कागद आला आणि या पर्समधून त्या पर्समध्ये फिरू लागला. त्याच्या जोरावर पाच जणींची कापडं बेतून झाली होती, सेरवा सहावी. आंटींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. निळा शिक्का दिसला की त्या समाधानाने गळ्यातली टेप काढायच्या.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही कागद वाचला नव्हता. असलं काही वाचणं म्हणजे रोगाला घरचा पत्ता देणं. सेरवाला मात्र एक खोड होती. औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरंसुद्धा ती सोडायची नाही.

"आफ्रिये," ती बाकावरच्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "तू हा वाचलास का गं?"

"मी कशाला वाचू? आणि तूही वाचू नकोस. दाखव, माप दे, मोकळी हो."

"पण आहे कोणाचा?"

"मला आकोसुआने दिला, तिला आणखी कुणी. तुला ब्लाउज हवाय की कागदाची वंशावळ?"

सेरवा हसली आणि पुन्हा कागदात शिरली. दुसऱ्यांदा वाचताना तिचं हसू गेलं. तपासणीत पेशींमध्ये बदल दिसले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. हा कर्करोग नाही, पण असंच सोडलं तर पुढे होऊ शकतो. आत्ता उपचार सोपा आहे. तीन महिन्यांच्या आत परत या. वर तारीख होती नऊ जानेवारी. आज एकोणतीस मार्च.

तिने बोटांवर मोजलं. अकरा दिवस उरले होते. एवढ्या जणींमध्ये कुणीतरी एकच खरोखर गेली होती, आणि तिचंच बोलावणं सगळ्यांच्या पर्समधून हिंडत होतं. कोण असेल ती? सेरवाला भीती वाटली, आणि कळल्याशिवाय आता राहवेनाही.

"सेरवा, ये पुढे," आंटींनी तोंडात टाचण्या धरूनच हाक मारली. "कागद आणलास?"

सेरवा उठली. आफ्रियेने मागून तिचा स्कर्ट ओढला.

"आंटी, हा कागद माझा नाही. आफ्रियेचाही नाही. आम्ही सगळ्या हाच एक दाखवून तुम्हाला फसवत होतो." "आमच्यातली एक जण मात्र गेली होती. तिला परत बोलावलंय आणि तिला त्याचा पत्ताच नाही. ऐका, वाचते."

तिने सगळं त्यांच्या घानातल्या त्वी भाषेत, सावकाश वाचून दाखवलं. आंटींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. त्या चिडतील असं सेरवाला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत.

"कोण आहे ती पोरगी?" त्यांनी विचारलं. "तिला आजच्या आज पाठवते. मी स्वतः सोबत जाईन."

अर्ध्या टाचलेल्या ब्लाउजमधली तिवा आरशाकडेच बघत म्हणाली, "नाव मी कापलं. कागद मला चर्चमध्येच मिळाला, जानेवारीत. नमुना म्हणून सगळ्यांच्या हातून फिरत होता, तो मी परत दिलाच नाही." ती वळली. "असाच कागद आणा म्हणून तुम्हीच फिरवला होता, आंटी. तुमचाच आहे तो."

आंटी स्टुलावर बसल्या. सेरवाने एव्हाना कागदावरचा दवाखान्याचा नंबर फोनवर लावायला घेतला होता. आंटींनी वाकून त्या आकड्यांकडे पाहिलं.

"हा नंबर मी ओळखते," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे रोज येतोय. एवढ्या बायका पाठवल्या म्हणून आभार मानत असतील, असं वाटलं मला. त्यात कसले आलेत आभार, म्हणून मी उचललाच नाही."